दाढेखालची लवंग

१ जानेवारी २०१८, सोमवार

पुन्हा सहनशीलता!

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी थाळी फिरवली. दरवर्षीप्रमाणे प्रत्येकानं एकेक चिठ्ठी उचलायची, तिच्यात जे निघेल ते वर्षभराचं वचन. गेल्या वर्षी मला सहनशीलता. त्याच्या आदल्या वर्षी मंदक्रोध, म्हणजे तेच. यंदा मुद्दाम डोळे मिटून तळातली काढली. उघडते तर काय, सहनशीलता. प्रकाशला निघाला आनंद. त्याला काय करायचाय आनंद, नवरा माझा बाराही महिने आनंदातच असतो.

थोरल्या जाऊबाई शेजारी बसलेल्या. वाकून माझी चिठ्ठी वाचली आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "देवाला पत्ता बरोबर सापडतो हो आमच्या विमलचा!" सगळे हसले. मीही दात दाखवले. त्यांची चिठ्ठी: विपुल आशीर्वाद. मार्कहॅमला चार बेडरूमचं घर, दारात दोन गाड्या, अजून कुठे ठेवणार आहेत कोण जाणे.

घरी येऊन आईंना चिठ्ठी दाखवली. सासू असून नेहमी माझ्या बाजूच्या, पण त्याही हसल्या. म्हणाल्या, "राग आला की एक लवंग दाढेखाली धरायची. तिचा तिखटपणा जाईस्तोवर तोंड उघडायचं नाही. नगरला मिशनच्या शाळेत एवढी पोरं शिकवली मी, ती काय छडीवर? लवंगेवर."

मसाल्याच्या डब्यातून मूठभर काढून पर्समध्ये टाकल्या. चिठ्ठी फ्रीजवर.

६ जानेवारी, शनिवार

स्टोअरमध्ये आज एक माणूस नाताळचं झाड परत करायला घेऊन आला. खरं झाड. सुकलेलं. दारापासून माझ्या रिटर्न काउंटरपर्यंत सुया सांडत. म्हणे, "इट डाइड." मी म्हटलं, "आय अंडरस्टँड युवर फ्रस्ट्रेशन, सर." मॅनेजर नव्या मुलींना माझ्याशेजारी उभं करते, शांत कसं राहायचं ते बघायला. मला! प्रकाशला सांगितलं तर म्हणतो, "तिथे त्याचा पगार मिळतो तुला."

पुढच्या आठवड्यापासून पंधरा दिवस आई मार्कहॅमला. आमच्या दोघांच्या सकाळच्या शिफ्ट, लेकीचं, कृपाचं कॉलेज सुरू, आणि आईंना मधूनच चक्कर येते, डॉक्टर म्हणालेत एकटं ठेवू नका. जाऊबाई (इथून पुढे जा.बा., कोण पूर्ण लिहीत बसणार) दिवसभर घरी असतात. लगेच हो म्हणाल्या, ते मात्र खरं. मी दोनदा बजावलं, एकटं सोडू नका हां. "अगं हो, मला काय कळत नाही का?"

१८ जानेवारी, गुरुवार



आई पडल्या. मार्कहॅमच्या घरी, वॉशरूममध्ये, आतून कडी लावलेली. डावं मनगट मोडलं. भाऊजी ऑफिसला गेलेले. आणि जा.बा. कुठे? गुरुवारच्या उपास-प्रार्थनेला, कुणाच्या तरी घरी! आई सकाळपासून दुपारपर्यंत त्या गार टाइल्सवर. भाऊजींनी जेवणाच्या सुट्टीत सहज घरी फोन केला, कुणी उचलेना, म्हणून आले आणि दार फोडलं. सहज केला म्हणून. नसता केला तर?

मी इमर्जन्सीत पोचले तर आई चाकाच्या खुर्चीत, ओठ काळेनिळे, आणि जा.बा. त्यांच्यासमोर गुडघ्यांवर, डोळे मिटून, हात वर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काय बोलले ते इथे लिहून ठेवते, मागून कुणी मीठमसाला लावायला नको. म्हणाले, "घरची म्हातारी फरशीवर पडलीय आणि तुम्ही लोकांच्या घरी जाऊन हात वर करता! देव तिथेच येतो का? तुमच्या घरचा रस्ता माहीत नाही त्याला?" आणि म्हणाले, "चुलीत घाला ती भक्ती." मोठ्यांदा. मराठीत, पण अख्ख्या वेटिंग रूमला कळलं. सिक्युरिटीवाला सरदारजी आला, "बहनजी, आवाज थोडी नीचे." लवंगा पर्समध्येच राहिल्या.

जा.बा. रडल्या. उठून बाहेर गेल्या. 'चुकलं' हा शब्द नाही.

१९ जानेवारी

आईंना घरी आणलं. कोपरापर्यंत प्लास्टर. सूप पाजलं.

प्रकाश: "जाऊ दे गं. मुद्दाम केलं का तिनं?" मुद्दाम केलं असतं तर मी पोलीस बोलावले असते. आई कुणाची? त्याची. राग कुणाला? मला. या घरात सगळ्यांच्या वाटचं रागावणं मी एकटी करते. बाकीचे 'जाऊ दे' म्हणून हात धुऊन मोकळे, आणि वर चिठ्ठी मला.

आणि हा राग पाप आहे असं मी मानतच नाही. मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकले तेव्हा प्रभू काय दाढेखाली लवंग धरून होता?

२८ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते जन्मात विसरणार नाही.

आमची मराठी उपासना दुपारची, स्कारबरोच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये. गाणी झाली, प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या. कुणाच्या मुलाचा व्हिसा, कुणाची शुगर, कुणाचा भाऊ पुण्याला आजारी. मग जा.बा. उठल्या. डोक्यावर पदर. आवाज कापरा. "माझ्या धाकट्या जावेसाठी प्रार्थना करा. सैतानानं तिला रागाच्या बंधनात बांधून ठेवलंय. माझ्या मनात काही नाही. मी तिला क्षमा केलीय."

क्षमा! त्यांनी! मला!

अख्खी मंडळी वळून बघायला लागली. पाळकसाहेब डोळे मिटून लांबलचक प्रार्थनेला लागले, बायका उठून आल्या, कुणी डोक्यावर हात ठेवला, कुणी खांद्यावर. मी काय करणार? चिडले तर, बघा बघा, आहेच बंधन. गप्प बसले तर कबूल केल्यासारखं. मान खाली घालून लवंग अशी चावली की जीभ बधिर झाली.

आणि आई तिथेच बसल्या होत्या, गळ्यात हात अडकवलेला. त्यांच्या मनगटासाठी प्रार्थनेत एक शब्द नाही. एकही नाही! प्रार्थना माझ्या रागाची.

चहाच्या वेळी शिंदेबाई माझा हात धरून, "आमच्या मिस्टरांचा असाच होता गं राग. बीपीची गोळी लावली, आता अगदी गाय."

३० जानेवारी

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांचा पूर आलाय. 'विमलताईंसाठी प्रार्थनेत आहोत.' ब्रेकमध्ये एकीचा फोन, "एक मिनिट, लगेच प्रार्थना करूया." स्टोअरच्या स्टाफरूममध्ये, समोर मायक्रोवेव्हपाशी चार पोरं उभी, आणि मी फोन कानाला लावून आमेन आमेन.

कृपा जेवताना म्हणाली, "मॉम, शी वेपनाइझ्ड प्रेअर." म्हणजे प्रार्थनेचं हत्यार केलं. पोरीला मराठी वाचता येत नाही, पण कळतं सगळं. प्रकाश म्हणाला, "मोठ्या काकूबद्दल असं बोलू नये." कृपा म्हणाली, "आय सेड व्हॉट आय सेड." माझीच मुलगी.

४ फेब्रुवारी, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन.

मनात कुणाबद्दल अढी ठेवून प्याला घ्यायचा नाही, हे लहानपणापासून हाडीमाशी खिळलेलं. माझ्या मनात अढी नाही, अख्खा डोंगर आहे. भाकरीचं ताट आलं, पुढे दिलं. मग चिमुकल्या प्याल्यांचा ट्रे आला, तोही पुढे दिला. सगळ्यांनी पाहिलं. पाहू देत. खोटेपणानं घेणारी मी नाही. पलीकडच्या रांगेत जा.बा.नी घेतला, डोळे मिटून, अगदी निर्मळ चेहऱ्यानं.

पण माझ्या शेजारी आई होत्या. ट्रे त्यांच्यापुढे धरला. त्यांनी उजवा हात उचललाच नाही. मला वाटलं प्लास्टरमुळे अडचण होतेय, मी प्याला उचलून दिला, तर मान हलवली. ट्रे पुढे गेला.

गाडीत विचारलं. म्हणाल्या, "माझ्या दोन सुना एकमेकींचं तोंड बघत नाहीत. मी कशी घेऊ?"

"आई, तुमचा काय संबंध? तुम्ही तर पडलात!"

"घर माझं ना?"

प्रकाश गाडी चालवत होता, त्याचे कान लाल झालेले मागून दिसले. सासरे गेले त्याच्या पुढच्याच रविवारी या बाईनं प्याला घेतला होता, मीच शेजारी होते. आयुष्यात कधी चुकवला नाही. हे ब्लॅकमेल आहे, असं मी म्हणाले. आई म्हणाल्या, "असेल. पण मला आता असे किती प्याले उरलेत ते बघ, आणि तू घेशील त्या दिवशी मला दे."

घरी येऊन भांडी आदळली. एका कपाचा कान गेला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

उपासकाळ सुरू. दरवर्षी मी चहा सोडते. कृपा म्हणाली, "यंदा बीइंग मॅड सोडून बघ." म्हटलं, बघते.

दुपारी एक माणूस गुलाबांचा बुके परत करायला आला. बायकोनं घेतला नाही म्हणे. हसून पैसे परत दिले.

घरी आले तर ग्रुपवर जा.बा.चा फोटो, रवा-नारळाच्या लाडवांचं ताट, खाली लिहिलंय, 'उपासकाळात मन मऊ ठेवूया.' चहा सोडणं सोपं आहे. चहाच सोडते.

१९ फेब्रुवारी, सोमवार

फॅमिली डेची सुट्टी. फॅमिली म्हणे.

प्रकाश एकटा भावाकडे जाऊन आला. येताना लाडवांचा स्टीलचा डबा. 'आईंसाठी' म्हणून दिलाय. मी एकही खाल्ला नाही. आईंनी खाल्ले, कृपानं खाल्ले, प्रकाशनं उभ्या उभ्या चार.

संध्याकाळी डबा घासला, पुसला, झाकण लावलं आणि प्रकाशच्या बॅगेशेजारी ठेवला. उद्या भाऊजींना देईल, दोघांची ऑफिसं नॉर्थ यॉर्कलाच. आई बघत होत्या. "रिकामा?"

"हो."

"आपल्याकडून डबा रिकामा जात नाही गं कधी."

"जाईल आता."

आईंनी डबा ओढून घेतला. एका हातानं झाकण निघेना, तर डबा मांडीत धरून काढलं आणि आत गुळाचा खडा टाकला. मला इतका राग आला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. राग कुणाचा, ते मला सांगता येणार नाही.

४ मार्च, रविवार

प्रभुभोजन होतं म्हणून शिफ्ट मागून घेतली. दिवसभर लोकांच्या सुटकेसा आणि हीटर परत घेत बसले.

आई प्रकाशबरोबर गेल्या. प्याला घेतला नाही. पाळकसाहेबांनी जवळ येऊन विचारलं, तर म्हणाल्या, "धाकटी आली नाही आज."

७ मार्च, बुधवार

पाळकसाहेब घरी. सलाम-नमस्कार, हवापाणी झालं, पोहे केले. मग मीच म्हटलं, मुद्द्यावर या.

सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटी म्हटलं, "ज्याची चूक त्यानं यावं की नाही? तुम्हीच सांगा." वाटलं, आता अडकले.

पाळकसाहेब पोह्यांतली मिरची बाजूला काढत म्हणाले, "वचन नीट आठवा, विमलताई. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि आठवलं, की भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे. तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध, असं नाही म्हटलेलं. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध. तर तुम्ही उठून जायचं."

"म्हणजे आईंना टाकून त्या जाणार, आणि त्यांच्या घरी मी जायचं?"

"चारचौघांत तुम्ही त्यांच्या भक्तीला चुलीत घातलंत. ते त्यांच्या मनात आहे."

"आणि त्यांनी भर मंडळीत मला सैतानाच्या दावणीला बांधलं, ते?"

"ते त्यांना आठवायला हवं. त्याच्याबद्दल मी त्यांच्याशी बोललो."

"मग?"

"त्या म्हणाल्या, मी प्रेमानंच केलं."

बघा!

ते गेल्यावर शास्त्र उघडून पाहिलं, पाळकसाहेबांनी काही पदरचं घातलंय का. नाही घातलेलं. तसंच आहे. एवढी वर्षं ऐकतेय आणि कायम उलटंच ऐकत आले. तिडीक गेली डोक्यात. कायदा असा कसा, ज्याच्यावर अन्याय त्यानंच पेट्रोल जाळायचं?

१० मार्च, शनिवार

आईंचं प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय, कातडी कागदासारखी. बॉल दाबायचा व्यायाम दिलाय.

क्लिनिकमधून येताना गाडीत अचानक म्हणाल्या, "त्या दिवशी थोरलीला, सुमनला, मीच जा म्हटलं होतं."

मी गाडी बाजूला घेतली. "काय?"

"ती नाही म्हणत होती. मी म्हटलं, जा, माझ्यासाठी पण प्रार्थना कर. फोन जवळ ठेव म्हणाली, तो मी स्वयंपाकघरातच विसरले."

"आणि हे आज सांगताय?"

"तू विचारलंस कधी? तू ओरडत होतीस. मग ती रडत होती. मग सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करत होते."

मला आता आईंचाही राग. लवंग धरली. अर्धी चावून झाल्यावर विचार केला, आईंनी मला जा म्हटलं असतं तर मी गेले असते का? नसते गेले. म्हातारी माणसं जा म्हणणारच, आपण जायचं नसतं. म्हणजे बरोबर मीच आहे. पण पूर्वीइतकी बरोबर नाही, आणि हे तर मला अजिबात आवडलेलं नाही.

२५ मार्च, झावळ्यांचा रविवार

पार्किंगमध्ये भाऊजींनी गाठलं. जा.बा. आत गेलेल्या. भाऊजी कधी मध्ये पडत नाहीत, आज हातातली झावळी उगाच मोडत उभे. "विमल, सुमन रोज रडते गं."

"रडू दे." तोंडातून निघून गेलं. लवंग आत काय करत होती देव जाणे.

भाऊजी म्हणाले, "गुरुवारची प्रार्थना सोडली तिनं. त्या दिवसापासून गेलीच नाही. वॉशरूमला धरायचे दांडे बसवून घेतले, दाराची कडी काढून टाकली. आम्ही दोघंच असतो, तरी कडी नको म्हणते. आई परत येणार नाही का, असं मला विचारते. मी काय सांगू?"

मी म्हटलं, "हे त्या मला का सांगत नाहीत?"

"तुला घाबरते."

मला! चार बेडरूमवाली, आशीर्वादवाली, अख्ख्या मंडळीसमोर उभी राहून बोलणारी बाई, ती मला घाबरते म्हणे. आत जाऊन होसान्ना म्हटलं.

३० मार्च, शुभ शुक्रवार

लांब उपासना. तीन तास. वधस्तंभावरून क्षमा. ऐकलं. काही लिहीत नाही.

३१ मार्च, शनिवार

गेले. लिहून टाकते, नाहीतर झोप येणार नाही.

रव्याचा केक केला, नगरचा, आईंच्या हाताचा असतो तसा. डब्यात भरला. प्रकाश 'मी येऊ का' म्हणाला, नको म्हटलं. आई म्हणाल्या, "मी येणार," आणि शाल घेऊन उभ्याच राहिल्या. रस्त्यात सगळी वाक्यं पाठ केली. ओरडण्याबद्दल बोलायचं, बाकी कशाबद्दल नाही. जे बोलले ते खरं होतं, जसं बोलले ते चुकलं. बस.

दार जा.बा.नी उघडलं. आईंना बघून तोंडावर हात. मी चौकटीतच उभी राहून म्हटलं, "ताई, इमर्जन्सीत लोकांसमोर तुम्हाला जे बोलले, तसं बोलायला नको होतं. ते चुकलं माझं." एका दमात. मग थांबले. आता त्यांची पाळी होती. माझं सोडा, आईंना तरी एक शब्द, एवढंच हवं होतं.

त्यांनी मला मिठी मारली. हुंदके देत देत. आणि म्हणाल्या, "ऐकली! प्रभूनं माझी प्रार्थना ऐकली! उद्या मी साक्ष देणार, विमल. सगळ्यांना सांगणार, देवानं तुला कसं बदललं!"

मला! कसं! बदललं!

लवंग आधीपासून दाढेखाली होती म्हणून बरं. डबा त्यांच्या हातात दिला आणि वॉशरूम विचारायच्या निमित्तानं आत गेले. दोन्ही बाजूंना दांडे, खाली रबरी मॅट, एक प्लास्टिकची खुर्ची. कडीच्या जागी भोकं होती, त्यांत पांढरी लांबी भरलेली, बोटानं भरल्यासारखी ओबडधोबड. दार लागत नाही, नुसतं ढकलून ठेवायचं. मी तशीच उभी राहिले. राग तसाच होता, पण त्याच्याशेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं, आणि दोन्ही हलेनात.

बाहेर आले तर जा.बा. आईंचं बारीक झालेलं मनगट दोन्ही हातांत घेऊन चोळत होत्या. तेल लावून. बोलत काहीच नव्हत्या. त्या दोघींचा चहा झाला, मी पाणी घेतलं. निघताना त्यांच्याकडे कधीचा राहिलेला आमचा जुना डबा परत दिला, त्यात गूळ आणि शेंगदाणे भरून.

गाडीत आई म्हणाल्या, "झालं ना?"

"काय झालं? माफी मी मागितली, साक्ष त्या देणार, आणि तुम्ही पडलात ते कुणाच्या लक्षातच नाही!"

"माझ्या आहे," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

१ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

प्रभू उठला आहे. हॅलेलूया. बाहेर बर्फाची भुरभुर. एप्रिल म्हणे!

उपासना दुपारी, पण आई सकाळपासून पांढऱ्या साडीत तयार. निळ्या काठाची, सणाची. केसांना तेल. कृपानं त्यांना पिन लावून दिली, "आजी, यू लुक लाइक अ क्वीन." आजी खूश.

ग्रुपवर जा.बा.: 'आज विशेष साक्ष. सर्वांनी वेळेवर यावे.' खाली जोडलेले हात, टाळ्या, कबुतरं. शिंदेबाईंनी मला वेगळं लिहिलंय, 'मी म्हटलं नव्हतं, गोळीनं गुण येतो म्हणून?' फोन उशीखाली ढकलला.

सकाळपासून विचार करतेय. त्या उभ्या राहणार, डोक्यावर पदर घेणार, सैतान, बंधन, विमल, सगळं परत. मंडळी माझ्याकडे वळणार. मी उठून म्हणू शकते, "आणि मनगट कुणाचं मोडलं ते पण सांगा." एकच वाक्य. खरं वाक्य. सगळ्यांना कळेल आणि मला जन्मभर पुरेल. किंवा गप्प बसेन, आणि मग मंडळीच्या लेखी कायमची मीच ती रागीट, जिला देवानं ताळ्यावर आणलं. त्यांच्या त्या वॉशरूमचं दार आठवलं की वाक्य अडतं. त्यांचा मेसेज आठवला की परत येतं.

प्रकाशला म्हटलं, "तू भाऊजींना फोन करून सांग ना, तिला आवर म्हणून." तर म्हणतो, "जाऊ दे गं." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, तेवढं एक वाक्य मला उधार दे.

आत्ता आई दारातल्या खुर्चीवर बसून बूट घालताहेत. आज स्वतः घालायचेत म्हणे, दोन्ही हातांनी. मला जवळ बोलावलं.

"लवंग घेतलीस?"

मूठ उघडून दाखवली.

"साक्षीच्या वेळी धर. पण साक्षीनंतर लगेच प्रभुभोजन असतं, माहीतेय ना? तोंडात लवंग ठेवून प्याला कसा घेशील?"

"काढली तर मी बोलेन, आई."

आईंनी मान वर केली नाही. बुटाची वेलक्रो डाव्या हातानं ओढत होत्या, पट्टी सुटत होती, परत ओढत होत्या. मी वाकले तर माझा हात बाजूला केला. म्हणाल्या, "मी तुझ्याच शेजारी बसणार आहे. तू घेशील तेव्हा मला दे."

प्रकाश खाली हॉर्न वाजवतोय. कृपा लिफ्ट धरून उभी आहे, "मॉम, कम ऑन!"

कोट घातला. लवंग अजून मुठीतच आहे.